प्रयोजनाचा रकाना

"उपयोग काय?" हा प्रश्न विचारण्याबद्दल मला दरमहा पगार मिळतो. जगातल्या मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी हा प्रश्न फुकट विचारला; मी तो महागाई भत्त्यासह विचारतो. आमच्या बँकेत कर्जाच्या अर्जावर एक रकाना असतो – 'कर्जाचे प्रयोजन'. त्या रकान्यात अर्जदाराने काय खरडलंय ते वाचायचं, चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचं आणि "पण ह्याचा उपयोग काय?" असं म्हणायचं, हे माझं गेल्या बावीस वर्षांचं काम. चष्म्यावरून बघणं फार महत्त्वाचं. चष्म्यातून बघितलं तर अर्जदाराला आपण त्याचं ऐकतोय असं वाटण्याचा धोका असतो.

त्यात मी पडलो कॉमर्सचा. आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवतात की प्रत्येक नावेला कुठे ना कुठे जमा असलीच पाहिजे. ज्याची जमा सापडत नाही तो व्यवहार एक तर चुकलेला, नाही तर लबाडीचा. ही शिकवण हाडांत इतकी मुरते की पुढे लग्न, मुलं, देव, गाणं ह्या सगळ्यांची जमेची बाजू शोधत माणूस हिंडू लागतो.

आणि राहतो कुठे, तर कुपवाडला. सांगली, मिरज आणि कुपवाड अशी तिघांची मिळून १९९८ साली महानगरपालिका झाली. तीन भावांच्या दुकानाच्या पाटीवर धाकट्याचं नाव शेवटी आणि जागा उरली तर मोठ्या अक्षरांत, तसं आमचं नाव. सांगलीकडे गणपती आहे, हळद आहे, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सुरू करून दिलेलं नाटक आहे. मिरजेकडे तंबोरे आहेत, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणी आहेत, आणि वानलेस साहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दवाखाना थाटल्यापासून गल्लोगल्ली डॉक्टर आहेत. कुपवाडकडे एमआयडीसी आहे. पाहुणे सांगलीला दर्शनाला येतात, मिरजेला दाखवायला येतात आणि कुपवाडला शिफ्टला येतात. आमच्याकडे ज्या वस्तूचा उपयोग नाही तिला दुसरं नाव आहे – भंगार. तेसुद्धा किलोवर विकलं जातं, म्हणजे त्याचाही उपयोग आहेच. अशा गावात राहून, अशी पदवी घेऊन आणि असली नोकरी करून माझी मान चष्म्यावरून बघण्यासाठी कायमची थोडी खाली झुकली, ह्यात नवल ते काय?

तर गेल्या वर्षी आमच्या पतसंस्थेने शिक्षणासाठी मदत म्हणून ४०,००० रुपये बाजूला काढले. वरचं, म्हणजे पीएच.डी. वगैरे करणाऱ्या मुलांना द्यायचे. तीन अर्ज आले. एक मुलगा एमआयडीसीतल्या कामगारांच्या डोळ्यांवर संशोधन करत होता. एक मुलगी आमच्या भागात भुंगेऱ्यांच्या किती जाती आहेत ते मोजत होती. आणि तिसरा गृहस्थ, हो, त्याला मुलगा म्हणवत नव्हतं, दाढी होती, राजकीय पुढाऱ्यांच्या भाषणांचा अभ्यास करत होता. तिघांपैकी लायक कोण, ह्यावर टिपण लिहायचं काम सेक्रेटरींनी माझ्याकडे दिलं.

"मला ह्यातलं काही कळत नाही हो," मी म्हटलं.

"म्हणूनच! तुम्हाला तिन्ही विषयांतलं काही कळत नाही, म्हणजे तुम्ही निःपक्षपाती."

मी रात्री जेवणं झाल्यावर कागद घेऊन बसलो. उभ्या-आडव्या रेघा मारल्या. डोळ्यांना १०० पैकी ८० गुण दिले. भाषणांना १५. भुंगेऱ्यांना ५, आणि तेही अर्जावरचं अक्षर सुरेख होतं म्हणून. मला मोठ्याने वाचून दाखवायची खोड आहे. सौभाग्यवती भांडी आवरत आवरत "हं, हं" करत होती. आई कॉटवर बसून हातांनी चाचपत लसूण सोलत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गेले वर्षभर आम्ही ऑपरेशन कर म्हणून मागे लागलो होतो आणि ती गेले वर्षभर "पिकू दे" म्हणत होती, जणू काही अढीतला हापूस.

"आन् माझ्या डोळ्यांला किती रं?" तिने एकदम विचारलं.

"म्हणजे?"

"मार्क. भुंग्यांला पाच दिलेस. मला किती? चौऱ्याहत्तरीची बाई. डोळं करून मी काय ब्यांकेत नोकरी करणार हाय? एवढं पैसं घालायचं आन् किती वर्सं वापरायचं? तूच सांग, उपेग काय?"

"अगं, तुला टीव्हीवरची मालिका दिसेल."

"ती नुसती ऐकली तरी कळती. सासू वराडती, सून रडती."

"पोथी वाचता येईल."

"पाठ हाय."

"कुठे धडपडलीस म्हणजे?"

"भित्त धरून चालती मी."

मी आणखी दोन-तीन उपयोग सांगितले. तिने ते एकेक करून बाद केले. असं बाद करणं मी ओळखतो. मी रोज तेच करतो. अर्जदार घामाघूम होऊन एकेक कारण पुढे ठेवतो आणि मी ते टाचणीने उचलून बाजूला ठेवतो. त्या रात्री माझ्याच काउंटरच्या बाहेरच्या बाजूला मी उभा होतो आणि आत आई बसलेली. आणि तिचा हिशेब चुकत नव्हता हो! चौऱ्याहत्तर वर्षांच्या डोळ्यांची जमेची बाजू मला दाखवता येईना. 'तुला दिसावं असं मला वाटतं' एवढंच एक कारण होतं, पण ते कुठल्या रकान्यात घालायचं?

मी कागद फाडला. अर्जदारांना प्रत्यक्ष भेटून मगच टिपण लिहायचं ठरवलं. बँकेत ह्याला 'स्थळपाहणी' म्हणतात.

डोळेवाला मुलगा एका कारखान्याच्या दाराशी भेटला. हातात बॅटरी आणि वही. लेथवर काम करणाऱ्याच्या डोळ्यात लोखंडाचा कण उडतो. गॉगल खुंटीला असतो, कारण गॉगलने घाम येतो. मग शेजारच्या मशिनवरचा एखादा 'उस्ताद' रुमालाचं टोक नाही तर काडी घेऊन तो कण काढतो. कण निघतो, पण लोखंड डोळ्यातही गंजतं आणि गंजाचं वेटोळं बुबुळावर राहतं. वेल्डिंगवाल्यांचं निराळंच – दिवसा काही वाटत नाही, रात्री डोळ्यात वाळू ओतल्यासारखं होतं. हा मुलगा कोणाला, कुठल्या मशिनवर, शिफ्टच्या कितव्या तासाला इजा झाली ते लिहून घेत होता. मला बरं वाटलं. ८० गुण वाया गेले नव्हते.

मी त्याला आईबद्दल बोललो. तो म्हणाला, "काका, हल्ली पिकायची वाट बघत नाहीत." आणि मग त्याने एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज वैमानिकांच्या विमानांच्या काचा फुटून डोळ्यात तुकडे जायचे. काचा म्हणजे प्लॅस्टिकच, ॲक्रिलिक. हॅरोल्ड रिडली नावाचा डोळ्यांचा डॉक्टर हे डोळे तपासायचा. त्याच्या लक्षात आलं की हे तुकडे डोळ्यात वर्षानुवर्षं पडून राहिले तरी डोळा कुरकुर करत नाही. लोखंडासारखं नाही. पुढे एकदा तो मोतीबिंदू काढत असताना बघत उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं, की जुनं भिंग काढलंत, मग नवं का बसवत नाही? झालं! २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रिडलीने त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात पहिल्यांदा बसवलं.

"मग त्याचा सत्कार झाला असेल!"

"कसला हो! डोळ्यात बाहेरची वस्तू घालतो म्हणून मोठमोठ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं त्याला धारेवर धरलं. सर ही पदवी मिळाली २००० साली. तोवर त्याच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत ती भिंगं बसवून झाली होती."

तोपर्यंत जगात मोतीबिंदू काढला की सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागायचा. माझ्या आजोबांचा तसा चष्मा मला आठवतो. त्यातून त्यांचे डोळे बैलाएवढे दिसायचे आणि आम्ही पोरं भ्यायचो.

मी परत येताना विचार करत होतो. वैमानिकाच्या डोळ्यातला तुकडा गप्प बसलाय, हे बघण्याचा उपयोग काय, असं रिडलीला कोणी चष्म्यावरून विचारलं असतं तर? त्याच्याकडे रकान्यात भरायला काहीच नव्हतं. नुसतं लक्षात राहिलं होतं. पण मग लगेच माझ्यातला कॉमर्स जागा झाला – शेवटी उपयोग झालाच ना? म्हणजे उपयोग आहेच, फक्त वसुलीची मुदत लांब. असल्या कर्जाला आम्ही दीर्घ मुदतीचं म्हणतो. मला हायसं वाटलं. संशोधन म्हणजे दीर्घ मुदतीचं कर्ज! हे वाक्य टिपणात घालायचं मी ठरवलं. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं.

भुंगेरेवाली मुलगी मात्र घरीच आली, रविवारी सकाळी, पाठीवर सॅक आणि हाताला शेणाचा वास. "सॉरी काका, हात धुतलेत, पण जात नाही." ती जमिनीत प्लॅस्टिकचे पेले काठोकाठ पुरते, वर जाळीत शेणाचा गोळा टांगते आणि रात्रभरात कोण कोण पेल्यात पडलं ते सकाळी मोजते. काही पेले आमच्या मागच्या माळावर, काही परवानगी काढून सागरेश्वरच्या अभयारण्यात.

मी खुर्ची सरसावली. "बाळ, ह्याचा –"

"उपयोग काय, असंच ना?" ती हसली. "सगळे तेच विचारतात. पेला पुरताना पोलीस पाटलांनीसुद्धा विचारलं."

आतापर्यंत जगात भुंगेऱ्यांच्या जवळपास चार लाख जातींना नावं दिली गेली आहेत, म्हणाली. माहीत असलेल्या सगळ्या प्राण्यांच्या जातींपैकी अंदाजे चौथा हिस्सा एकटे भुंगेरे. म्हणजे देवाच्या दरबारी चार अर्जदार असतील तर त्यांतला एक भुंगेरा! हाल्डेन म्हणून मोठे शास्त्रज्ञ होते, १९५७ साली विलायत सोडून आपल्याकडेच राहायला आले, त्यांच्या नावावर एक विनोद सांगतात की परमेश्वराला भुंगेऱ्यांची भलतीच आवड असली पाहिजे. मी मनाशी चार लाख खात्यांचा विचार केला. प्रत्येकाचं केवायसी! "नाव दिलं म्हणजे खातं उघडलं एवढंच हो काका," ती म्हणाली, "आत काय आहे ते बहुतेकांचं कुणालाच माहीत नाही."

मग तिने माझ्यासारख्यांसाठी पाठ केलेला उपयोग सांगितला. ऑस्ट्रेलियात गोऱ्या लोकांनी गाई नेल्या, पण तिथले शेणकिडे कांगारूंच्या लेंड्यांवर पोसलेले. गाईच्या शेणाला तोंड लावीनात. माळच्या माळ शेणाने झाकले, माशांनी माणसं हैराण. तेव्हा त्या सरकारने १९६८ पासून परदेशांतले शेणकिडे आणून सोडले. रोग येऊ नयेत म्हणून आधी त्यांची अंडी निर्जंतुक करून, माणसांनी हाताने वळलेल्या शेणाच्या गोळ्यांत एकेक ठेवून वाढवली. एका सुशिक्षित देशाचे पदवीधर शेणाचे गोळे वळत बसले होते, आणि त्यांना त्याबद्दल पगार मिळत होता! माझ्या नोकरीकडे बघण्याची माझी दृष्टी थोडी बदलली.

आई कॉटवरून ऐकत होती. ती एकदम म्हणाली, "पोरी, हुमणीचं म्हाईत हाय का तुला?"

झालं. मी बाजूला पडलो. आईचं माहेर वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी, ऊसवाल्यांचं; सासर तिकडे माळावर, भुईमूगवाल्यांचं. हुमणी दोन्हीकडे. इंग्रजी सी अक्षरासारखी वाकडी, पांढरी, तांबड्या डोक्याची अळी मुळं कुरतडते आणि उभं पीक वाळून जातं. ही अळी म्हणजे भुंगेऱ्याचंच पोर. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुलिंबावर, बाभळीवर बसतात. रात्री कंदील घेऊन फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. आई लग्न होऊन आली त्या साली तिने हेच केलं होतं.

"माझ्या सासऱ्यानं माझ्या बाला पण सांगिटलं, झाडं हलवा म्हणून. बानं हलवली. एक भुंगा न्हाई पडला. माझ्या बाला वाटलं व्याही येडं बनवतोय. दोन वर्सं बोलत न्हवतं एकमेकांशी."

मुलीने वही काढली. तिचे डोळे चमकत होते. "आजी, त्या दोन निराळ्या हुमण्या! माळावरची वेगळी आणि नदीकाठची वेगळी. माळावरचीचा भुंगेरा कडुलिंबावर येतो. नदीकाठचीची रीत तशी नाही. नावं निराळी, शास्त्रात प्रजातीसुद्धा निराळ्या – एक होलोट्रिकिया, दुसरी ल्युकोफोलिस."

आई जरा वेळ गप्प बसली. "म्हंजे माझा सासरा खोटं बोलत न्हवता."

"नाही."

"आन् माझा बा बी खरंच सांगत होता."

"हो."

"दोघं बी गेलं की गं," आई म्हणाली.

आता ह्याला कुठल्या जातीचा उपयोग म्हणायचं, ते मला अजून सांगता आलेलं नाही. पन्नास वर्षांपूर्वीचं एक भांडण एका लॅटिन नावाने मिटलं, आणि भांडणारे दोघेही हयात नाहीत. ही वसुली कोणाच्या खात्यावर जमा करायची? माझं 'दीर्घ मुदतीचं कर्ज' तिथेच बुडीत गेलं.

मग ती मुलगी आईच्या शेजारी कॉटवरच बसली आणि तिला शेणकिड्याची एक गोष्ट सांगू लागली. शेणाचा गोळा करून किडा तो ढकलत पळतो, आणि अगदी सरळ रेषेत पळतो, कारण वळला की परत त्याच शेणाच्या ढिगाशी, इतर किडे गोळा हिसकावून घ्यायला टपलेले. पण रात्री, चंद्रसुद्धा नसताना सरळ कसा जातो? स्वीडन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी शोधून काढलं – तो आकाशगंगेकडे बघून जातो. जोहान्सबर्गच्या तारांगणात नेऊन त्यांनी हे पडताळलं. नुसती आकाशगंगा दाखवली तरी किडा सरळ चालला. आणि त्याला वरचं दिसेनासं झालं तर काय होतं हे बघायला त्यांनी किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या बारक्या टोप्या घातल्या! मग मात्र ते भरकटले. २०१३ सालची गोष्ट. ह्याच कामाला त्या वर्षी ते गमतीचं इग्नोबेल बक्षीस मिळालं.

"टोपी?" आई म्हणाली. "किड्याला?"

"हो आजी. हा बघा फोटो." मुलीने मोबाइल पुढे धरला.

आईने तो डोळ्यांशी नेला, लांब धरला, तिरका केला, पदराने पुसला. मग परत दिला. "धुरकाट दिसतंय," ती म्हणाली. मी इतकी वर्षं तिला ओळखतो. तिला एवढी हिरमुसलेली मी क्वचितच पाहिली असेल.

दाढीवाल्याला मी बँकेसमोरच्या चहाच्या गाड्यावर भेटलो. खरं सांगायचं तर त्याच्याविषयी माझं मत चांगलं नव्हतं. पुढाऱ्यांची भाषणं फुकट ऐकायला माणसं मिळत नाहीत, ट्रकने आणावी लागतात. आणि हा पीएच.डी. साठी ऐकतो. पण त्याने चहा संपायच्या आत मला गप्प केलं. तो म्हणाला, "मी व्याकरण मोजतो. रस्ता झाला की पुढारी म्हणतो, 'मी रस्ता केला.' कर्ता हजर. रस्ता झाला नाही की म्हणतो, 'रस्त्याचं काम होऊ शकलं नाही.' कर्ता गायब! यशाला कर्ता, अपयशाला कोणी नाही. कोणत्या विषयावर कर्ता पळतो, एवढंच मी शोधतोय."

शाळेत गुरुजींनी छडी मारमारून शिकवलेले कर्ता-कर्म एवढ्या कामाचे असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

शब्दांना हलकं समजू नका म्हणाला. आपल्याच भागात बेचाळीसच्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार झालं. लोकांच्या तोंडी 'प्रति'चं 'पत्री' झालं, आणि मग हे लोक पायांना पत्रे ठोकतात अशा गोष्टी त्या एका अक्षराच्या मागून धावत आल्या. आणि दुसऱ्या टोकाला घटना समितीची भाषणं घ्या. लघुलेखकांनी उतरवून घेतली म्हणून आज अक्षर न् अक्षर वाचायला मिळतं. घटनेच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हा हिशेब स्वतः बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिलाय. राजकारणात विभूतिपूजा घात करते हा इशाराही त्याच भाषणातला. दुसऱ्या दिवशी घटना मंजूर झाली. मी बोटं मोजली. २६ ला दिल्लीत घटना, २९ ला लंडनमध्ये डोळ्यातलं भिंग. एकाच आठवड्यात माणसाला दिसायची दोनदा सोय झाली होती. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. दाढीवाल्यांसमोर असलं काही बोललं की ते लिहून घेतात.

"तुमच्या बँकेची पत्रंसुद्धा द्या ना एखाद-दुसरं," तो उठताना म्हणाला. "तिथेही कर्ता नसतो असं ऐकलंय."

मी हसलो, पण चहा कडू लागला.

पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे एका निवृत्त गुरुजींनी कर्ज मागितलं होतं. पेन्शन चांगली, जामीनदार पक्का. प्रयोजनाच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं – 'आकाशदर्शनासाठी दुर्बीण'. मी चष्म्यावरून बघितलं. "गुरुजी, उपयोग काय?" ते म्हणाले, "शनीची कडी बघायची आहेत. मुलांना आयुष्यभर फळ्यावर काढून दाखवली, स्वतः कधी बघितली नाहीत." मी शेरा मारला – 'अनुत्पादक'. त्यांनी 'घरदुरुस्ती' लिहिलं असतं तर कुणी भिंतही बघायला गेलं नसतं. त्याच आठवड्यात एका गोदामवाल्याचा मोठा अर्ज आला होता. त्याला मी उपयोग विचारला नाही, चहा विचारला. बावीस वर्षं मी हा प्रश्न फक्त घाबरत घाबरत आत येणाऱ्यांनाच विचारत आलो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. गुरुजींना पत्र गेलं – 'आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे.' कोणी केला? कोणीच नाही. करण्यात आला. पत्राखालची बारीक सही मात्र माझी होती.

गुरुजी अजून पासबुक भरून घ्यायला येतात. 'गुरुजी, तो अर्ज मी नामंजूर केला' हे वाक्य मी कर्त्यासकट तयार करून ठेवलं आहे. दर महिन्याला ते ओठांवर येतं आणि दर महिन्याला मी म्हणतो, "गुरुजी, प्रिंटर बंद आहे, अर्ध्या तासाने या."

टिपण लिहायला बसलो तेव्हा पहिलंच वाक्य आलं, 'तिन्ही अर्जांचा विचार करण्यात आला.' खोडलं. 'मी विचार केला' असं लिहिलं. बँकेच्या कागदावर 'मी' हे अक्षर लिहिताना हात कापतो हो! गुण मात्र देता येईनात. शेवटी पैसे तिघांत सारखे वाटावेत असं सुचवलं. मीटिंगमध्ये तत्त्वाला कोणी हरकत घेतली नाही. प्रत्येकी १३,३३३ रुपये ३३ पैसे झाले आणि एक पैसा उरला. त्या एका पैशाचं काय करायचं, ह्यावर अर्धा तास चर्चा झाली. तो अजून खतावणीत पुढे ओढला जातोय.

मीटिंगहून घरी आलो तर आई पिशवी भरून बसलेली. पातळ, टॉवेल, जपमाळ.

"मिरजंला कधी न्यायचं म्हनतोस?"

"कशाला?"

"डोळं करायला. त्या पोरीला इचारून ठेव, तो फोटू हाय का अजून तिच्याकडं."

मी तिच्याकडे बघत राहिलो. वर्षभर मी मालिका, पोथी, भिंत असे सगळे उपयोग मांडून हरलो होतो. बायकोने मला खूण केली – गप्प बसा, काही विचारू नका. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने दिलेल्या सल्ल्यांपैकी हा पहिल्या पाचांत येईल.

ऑपरेशन अर्ध्या तासात झालं. दवाखान्यातून एक कार्ड मिळालं, त्यावर भिंगाचा नंबर. मी ते बँकेच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा आईने आधी सुनेकडे बघितलं आणि "वाळलीस गं" म्हणाली; मग माझ्याकडे बघितलं आणि काही म्हणाली नाही, फक्त माझ्या कपाळापासून मागे मागे जिथवर केस नाहीत तिथवर नजर नेली. घरी आल्यावर तिने माळ्यावरची जळमटं, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाची झिजलेली बोटं आणि दूधवाल्याच्या कॅनला पडलेला पोचा एवढं तासाभरात शोधून काढलं. दूधवाला दुसऱ्या दिवशी नवं माप घेऊन आला.

रविवारी ती मुलगी आली. आईने आधी स्वतःचे हात धुतले, पदराला पुसले, मोबाइल हातात घेतला आणि खिडकीशी उजेडात जाऊन उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मुलगी माझ्याकडे बघू लागली. मी आईकडे.

"टोपी तिरकी घातलीया," आई म्हणाली.